खडकांच्या पोथीतील गळालेली पाने

बडोद्याच्या, म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या, प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. त्या कामाचे स्वरूप ज्यांना ठाऊक आहे त्यांना पृथ्वीचा इतिहास कसा जुळविला गेला हे समजावयास फारसा वेळ लागणार नाही. सर्वस्वी पूर्ण आणि निर्दोष अशी पोथी पंडितांच्या हाती नव्हती. एकीतील पाने गळालेली, दुसरीतील अक्षरे कसरीने खाल्लेली, तिसरीत कोणा लेखकाने पदरचे श्लोक घातलेले, असा प्रकार. नेपाळपासून केरळपर्यंतच्या पोथ्या शेजारी ठेवून, एकीतील उणीव दुसरीवरून भरून काढीत त्यांनी संहिता निश्चित केली.

भूवैज्ञानिकांनी गेली दोनशे वर्षे हेच केले आहे. त्यांची पोथी खडकांची, अक्षरे जीवाश्मांची, आणि पाने जगभर विखुरलेली. संपूर्ण पोथी जगात कोठेही नाही. प्रत्येक प्रदेशाजवळ काही पाने आहेत व काही नाहीत. बडोद्याच्या आसपासच्या भूमीला हा नियम विशेषच लागू पडतो. सकाळी निघून रात्री परतता येईल एवढ्या टापूत येथे काळाची काही अत्यंत मोलाची पाने पाहावयास मिळतात. आणि त्याच टापूत एके ठिकाणी पंच्याऐंशी कोटींहून अधिक वर्षे एकदम नाहीशी झालेली आढळतात. जे आहे ते पाहण्याइतकेच जे नाही ते का नाही हे जाणणेही येथे आवश्यक ठरते.

मोठ्या आकड्यांचे भय आपल्या परंपरेला कधीच वाटले नाही. घरोघरी पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना श्वेतवाराह कल्पाचा उच्चार होतो, आणि पुराणांच्या गणिताप्रमाणे एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. आजच्या विज्ञानानुसार पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हे दोन आकडे शेजारी मांडून पुष्कळ लोक हर्षित होतात. हर्ष होण्यास हरकत नाही. परंतु दोन्हींचा उगम निराळा आहे हे विसरता कामा नये. पहिला आकडा युगांच्या गुणाकारातून आलेला आहे. दुसरा १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकन रसायनज्ञाने उल्कापाषाणांतील शिशाचे अंश मोजून निश्चित केला आणि त्यात सात कोटी वर्षांची चूक संभवते हेही त्याने सोबतच सांगितले. चुकीची मर्यादा सांगणारा आकडाच पुढे तपासता येतो व सुधारता येतो.

प्रत्यक्ष बडोदे शहर ज्या जमिनीवर वसले आहे तेथे खडक असा नाहीच. विश्वामित्रीच्या काठी कितीही खणले तरी माती, वाळू, चिकणमाती आणि कंकर यांखेरीज काही हाती लागत नाही. हा सगळा नद्यांनी आणून टाकलेला गाळ. पृथ्वीच्या इतिहासात तो अगदी कालपरवाचा. दगड पाहावयाचा तर पूर्वेकडे निघावे लागते, आणि त्या दिशेला पहिला भेटतो तो पावागड.

पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत पावागड शहरातून सुद्धा दिसतो. सपाट मैदानातून सुमारे ८०० मीटर उंच उठलेला हा डोंगर महाकालीच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंना पायऱ्यापायऱ्यांचा वाटतो, आणि तो खरोखरच पायऱ्यांचा आहे. येथील पायऱ्या म्हणजे लाव्हाचे थर. जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला, पसरला, थिजला. काही काळाने पुन्हा आला आणि पहिल्या थरावर पसरला. सह्याद्रीच्या घाटात प्रवास केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे दृश्य परिचित आहे, कारण खडक तोच आहे. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापणाऱ्या दक्षिण ट्रॅपचा पावागड हा उत्तरेकडील एक अवशेष होय. फरक इतकाच की सह्याद्रीत बहुतेक सर्वत्र काळा बेसाल्ट आढळतो, तर पावागडाच्या माथ्यावर फिकट रंगाचा, सिलिकेचे प्रमाण अधिक असलेला रायोलाइट नावाचा खडक आहे. तो कठीण असल्यामुळे त्याच्या छत्राखाली डोंगर टिकून राहिला.

काळाच्या वाचनाचा पहिला नियम येथे उभ्याउभ्या समजतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. इतका साधा नियम सांगावयास शास्त्रज्ञ कशाला हवा, असे वाटेल. पण ज्या वेळी हा नियम प्रथम काटेकोरपणे मांडला गेला, त्या सतराव्या शतकात युरोपातील विद्वान धर्मग्रंथातील वंशावळी मोजून पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे ठरवीत होते. पुढे इंग्लंडात कालवे खोदण्याच्या कामावर असलेल्या विल्यम स्मिथ या मोजणीदाराच्या ध्यानात आले की प्रत्येक थरातील शंखशिंपल्यांचे अवशेष ठरावीक आहेत आणि त्यांचा क्रम कोठेही उलट होत नाही. १८१५ साली त्याने इंग्लंड व वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. थर शेकडो मैल दूर असले तरी त्यांतील जीवाश्म एक असतील तर ते एकाच काळाचे, ही दूरदूरच्या पोथ्या जुळविण्याची किल्ली या माणसाने दिली.

मात्र या किल्लीने केवळ क्रम कळतो, वर्षे कळत नाहीत. वर्षांचा हिशेब विसाव्या शतकात किरणोत्सर्गी मूलद्रव्यांनी शक्य केला. युरेनियमचे शिशात रूपांतर एका ठरावीक गतीने होते. उष्णता, दाब, ऊन, पाऊस यांपैकी कशाचाही तिच्यावर परिणाम होत नाही. खडकातील झिर्कॉनच्या सूक्ष्म स्फटिकात किती युरेनियम उरले आणि किती शिसे साचले हे मोजले की स्फटिक कधी थिजला ते कळते. अशा मोजणीवरून दक्षिण ट्रॅपचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे ठरतात. आणि एवढा प्रचंड लाव्हा बाहेर पडावयास लागलेला काळ पूर्वी वाटत होता त्याहून पुष्कळच कमी, दहा लाख वर्षांच्या आसपास, असल्याचे गेल्या काही वर्षांतील मोजण्यांनी दाखविले आहे.

आता पावागडाकडून उत्तरेस बालासिनोरकडे वळावे. तेथून जवळच रैयोली नावाचे खेडे आहे. लाव्हा पसरण्याच्या थोडे आधी या प्रदेशात नद्या आणि उथळ तळी होती, आणि त्यांच्या काठची वाळू, चिखल व चुनखडी यांचे थर ट्रॅपच्या खाली जपून राहिले आहेत. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून या थरांना लमेटा असे नाव आहे. त्याच जबलपुरात १८२८ साली विल्यम स्लीमन या सेनाधिकाऱ्याला भारतातील डायनोसॉरची पहिली हाडे मिळाली होती. ‘डायनोसॉर’ हा शब्द सुद्धा तेव्हा जन्माला आला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही हेच थर व हीच हाडे आहेत. तथापि रैयोलीचे वैभव निराळे. १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांना येथे हाडे, आणि या परिसरातील चुनखडीत अंडी, मोठ्या संख्येने आढळली. हजारो मैलांवरून लोकांनी पाहावयास यावे अशा त्या ठेव्यावरून तोपर्यंत शेळ्या-मेंढ्या चरत होत्या. १९८२ ते १९८४ या काळात येथून जमविलेल्या हाडांचा अभ्यास होऊन २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या नव्या मांसाहारी डायनोसॉरचे नाव जगापुढे आले. त्याच्या मस्तकावर शिंगासारखा एक उंचवटा होता.

याच प्रदेशातील ढोली डुंगरी येथील एका दगडाची हकीकत अधिकच उद्बोधक आहे. सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना तेथे चुनखडीचा एक तुकडा मिळाला. त्यात शाकाहारी, प्रचंड देहाच्या टायटॅनोसॉर जातीच्या डायनोसॉरची तीन अंडी होती आणि लगत काही लहान हाडे. १९८७ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ही हाडे अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची असावीत, असे तेव्हा सर्वांना वाटले, आणि ते स्वाभाविकच होते. २००१ साली मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला. काही मणके त्यांना विलक्षण ओळखीचे वाटले. त्यांचे एकमेकांत अडकणारे सांधे डायनोसॉरचे नव्हते, सापाचे होते. मग तो दगड अधिक बारकाईने स्वच्छ करण्यात आला. एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, आणि शेजारी अर्धा मीटर लांबीचे पिल्लू, असे दृश्य त्यातून हळूहळू प्रकट झाले. अचानक आलेल्या गाळाच्या लोंढ्याने घरट्यावरील तो क्षण जसाच्या तसा गाडून टाकला होता. २०१० साली या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले. आजच्या अजगराप्रमाणे जबडा फार मोठा वासण्याची सोय त्याला नव्हती, त्यामुळे अखंड अंडे गिळणे त्याला जमले नसते; पिल्लू बाहेर पडण्याची वाट तो पाहत असावा.

एकच दगड सतरा-अठरा वर्षे एका अर्थाने वाचला गेला आणि मग दुसऱ्या अर्थाने. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना असा अनुभव नवा नाही. परंतु दुसरे वाचन शक्य झाले ते दगड जपून ठेवलेला होता म्हणून. अंडी आढळली त्या भागातील चुनखडी सिमेंटच्या कामाची आहे, आणि भट्टीत गेलेल्या चुनखडीचे पुनर्वाचन होत नाही. जेथे खाण नाही तेथे कुतूहल असते. येणारा जाणारा आठवण म्हणून एखादे अंडे खिशात घालतो. २०२३ साली मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून अशी वार्ता आली की पाडल्या गावातील काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोल दगडांची काकर भैरव म्हणून पूजा करीत, ते टायटॅनोसॉरची अंडी निघाले. ही वार्ता वाचून शहरी वाचकांनी बरीच करमणूक करून घेतली. वास्तविक त्या गावकऱ्यांनी ती अंडी शेंदूर लावून का होईना सुरक्षित ठेवली. खिशात घालणाऱ्यांविषयी तेवढेही म्हणता येत नाही. रैयोली येथे आता कुंपण आहे, रखवाली आहे, आणि २०१९ पासून संग्रहालयही आहे.

लमेटाचे थर संपतात आणि ट्रॅप सुरू होतो त्या सुमारास डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले. ही केवळ एका प्रदेशातील घटना नव्हती. सागरातील अमोनाइट प्राणी त्याच वेळी लोपले. एकंदर जीवजातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश गेल्या. गुन्हा कोणाचा, यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. १९८० साली लुई अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ पण उल्कांत पुष्कळ असणारा धातू दाखवून दिला, आणि एक महाकाय उल्का आदळल्याचे अनुमान मांडले. पुढे मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर दीडशे किलोमीटरहून अधिक व्यासाचे त्या आघाताचे विवरच सापडले. तेव्हापासून उल्केकडेच मुख्य दोष जातो. पण त्याच काळात दक्षिण ट्रॅपचा लाव्हा वाहत होता, आणि त्यासोबत कार्बन व गंधकाचे वायू हवेत मिसळत होते. वातावरण आधीच किती बिघडलेले होते, उल्केने निरोगी जगाला मारले की आजारी जगाला, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. त्याच्या उत्तराचा काही भाग याच पश्चिम भारतात आहे. कच्छमधील अंजार येथे लाव्हाच्या दोन थरांमधील गाळात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांना इरिडियम आढळले आहे, आणि त्या गाळावरही लाव्हाचे थर आहेत.

रैयोलीला परतून आता पायाखाली पाहावे. लमेटाचे थर तेथे ज्यावर विसावले आहेत तो ग्रॅनाइट, गोधऱ्याच्या आसपास सर्वत्र दिसणारा, गुलाबी-करड्या रंगाचा. त्याचे वय मोजले गेले आहे: सुमारे ९५ कोटी वर्षे. ग्रॅनाइट पृष्ठभागावर बनत नाही. जमिनीच्या पोटात खोलवर शिलारस हळूहळू थिजून तो तयार होतो. म्हणजे त्याच्यावर कधीकाळी फार मोठ्या जाडीचे खडक होते. ते सगळे झिजून, वाहून गेले. ग्रॅनाइट उघडा पडला. आणि मग केव्हातरी, ६ कोटी ७० लाख वर्षांच्या आसपास, त्याच्यावर डायनोसॉरांनी अंडी घातली. दोन खडकांच्या सांध्यावर हात ठेवला तर पंजा एका बाजूला आणि मनगट दुसऱ्या बाजूला राहते, आणि मध्ये पंच्याऐंशी कोटींहून अधिक वर्षांचे अंतर पडते. विसंगती हा भूवैज्ञानिकांचा शब्द आहे. शब्द शुष्क आहे, वस्तू विस्मयकारक.

या ग्रॅनाइटहूनही जुने खडक जवळच आहेत. चांपानेर आणि शिवराजपूरच्या बाजूचे क्वार्ट्‌झाइट, फायलाइट आणि मँगनीजचे थर ग्रॅनाइटच्या आधी साचले. ग्रॅनाइटचा रस त्यांना भेदून वर आला, यावरूनच ते ठरते. भिंत आधी असल्यावाचून तीत खिळा कसा शिरणार! त्या काळी जीवन होते, पण ते नजरेत भरणारे नव्हते. उत्तरेस उदयपूरजवळच्या झामरकोटडा येथे दीडशे कोटी वर्षांहून जुन्या फॉस्फेटी खडकात पापुद्र्यांचे स्तंभ दिसतात. उथळ पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या थरांनी ते घडविले. असल्याच सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाश वापरून सोडलेला प्राणवायू आज सर्व प्राणी श्वासात घेतात.

मग त्या गळालेल्या पंच्याऐंशी कोटी वर्षांत काय घडले? जवळजवळ सगळेच. सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन कल्पाच्या आरंभी, कवचधारी प्राणी सागरात विपुल झाले. पुढे मासे आले; वनस्पती पाण्याबाहेर पडल्या; काही माशांच्या परांचे पाय झाले आणि ते किनाऱ्यावर चढले. दगडी कोळशाची अरण्ये वाढली व बुडाली. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आजवरचा सर्वांत भीषण जीवसंहार झाला. त्यानंतर डायनोसॉर, सस्तन प्राणी, पक्षी, आणि शेवटी फुले. यांपैकी एकाही गोष्टीची साक्ष रैयोलीचा दगड देऊ शकत नाही. पुराजीव महाकल्प संपूर्ण आणि मध्यजीव महाकल्पाचा बहुतेक भाग येथील पोथीतून गळाला आहे.

ती पाने अन्यत्र शोधावी लागतात, आणि त्यासाठी भारताबाहेर जावेच लागते असे नाही. कँब्रियन काळातील ट्रायलोबाइट हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात आहेत. महासंहाराची सीमा श्रीनगरजवळ गुर्युल दरीच्या उतारावर थरांगणिक पाहता येते. त्या संहारापूर्वीची वने विदर्भातील कोळशात आहेत. घुग्गुस-बल्लारपूरच्या बाजूला ज्या काळाचा कोळसा निघतो त्या काळच्या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस या वृक्षाची जिभेच्या आकाराची पाने आढळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीजवळ जे दगड मिळाले, त्यांतही ग्लॉसॉप्टेरिसच होते. थंडीने गोठत असता, सामान टाकून देण्याची वेळ आली असताही त्या माणसांनी ते पस्तीस पौंड दगड टाकले नाहीत. भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी सलग होते, या सिद्धान्ताला अशा पुराव्यांनी बळ आले. आणि त्या सलग भूखंडाला जगाने जे गोंडवन हे नाव दिले ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून.

डायनोसॉरांच्या मध्यान्हीचे, म्हणजे जुरासिक कल्पाचे पान कच्छमध्ये आहे. तेथील टेकड्यांत अमोनाइटांच्या चक्राकार शंखांची इतकी रेलचेल आहे की एकोणिसाव्या शतकापासून युरोपातील तज्ज्ञ त्यांवर ग्रंथ लिहीत आले. अमोनाइट म्हणजे काय हे कोणाला निराळे सांगावयाची गरज नाही. नेपाळातील गंडकीतून येणाऱ्या शाळिग्रामात ज्याचे चक्र दिसते तोच हा प्राणी. कच्छमधील लोडाई गावाजवळ मिळालेल्या सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्याचे वर्णन २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याचे वय सुमारे पंधरा कोटी वर्षे.

अशी पाने जुळवून झालेल्या ग्रंथाच्या अध्यायांना जी नावे पडली त्यांत मात्र पहिल्या वाचकांचीच छाप आहे. वेल्सच्या प्राचीन नावावरून कँब्रियन, डेव्हनशायरवरून डेव्होनियन, रशियातील पर्मवरून पर्मियन, ज्युरा पर्वतावरून जुरासिक. ज्या गावात पान प्रथम नीट वाचले गेले त्या गावाचे नाव अध्यायाला मिळाले.

ट्रॅपनंतरची कथा पुन्हा बडोद्याच्या जवळ येते, पण ती जमिनीखाली आहे. खंभातच्या बाजूला भूपृष्ठ मोठमोठ्या भेगांवर खचत गेले. पावागडावर ढगांना टेकलेला ट्रॅप त्या खोलगटात हजारो मीटर खाली आहे, आणि त्याच्यावर समुद्राचा व नद्यांचा गाळ भरत गेला. त्या गाळातील सूक्ष्म जीवांच्या अवशेषांचे तेल झाले. १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० साली अंकलेश्वर येथे ते मिळाले, व १९६५ पासून बडोद्याच्या वेशीवरील कोयली येथे शुद्धीकरण सुरू झाले. विहीर खोदताना कोणत्या काळाच्या थरात आपण आहोत हे ओळखण्यासाठी तेलशोधक वर आलेल्या चुऱ्यातील फोरामिनिफेरा नावाच्या अतिसूक्ष्म प्राण्यांची कवचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. विल्यम स्मिथचीच ती किल्ली. या प्रदेशातील कित्येकांच्या घरची चूल त्या कवचांच्या वाचनावर पेटली आहे, याची त्यांना कल्पनाही नसेल.

सुरतजवळच्या वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत हाच काळ उघड्यावर आला. सुमारे ५ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, भारत आशियाला भिडत होता त्या सुमारास, येथे दमट अरण्य होते. तेथील कँबेथेरियम हा प्राणी घोडा व गेंडा यांच्या पूर्वजांच्या निकटचा. त्याचे नावच खंभातवरून पडले. झाडांच्या राळेत अडकलेल्या शंभराहून अधिक जातींच्या किड्यामुंग्यांचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले. ते युरोप-आशियातील किड्यांचे सगेसोयरे निघाले. दीर्घ काळ बेटासारख्या एकाकी राहिलेल्या भूखंडावर ते कोठून आले, याने संशोधक चकित झाले.

आणि येथे कमाटीबागेतील संग्रहालयाकडे वळावयास हवे. बडोद्याची मुले पिढ्यान्‌पिढ्या तेथे देवमाशाचा सांगाडा पाहत आली आहेत. पाहणाऱ्याला वाटते, हा माशासारखा प्राणी पाण्यातलाच. परंतु देवमासा सस्तन आहे आणि त्याचे पूर्वज चार पायांनी जमिनीवर चालत होते. त्या स्थित्यंतराच्या पायऱ्या बऱ्याच अंशी भारतीय उपखंडातच सापडल्या. कच्छच्या इओसीन थरांतून अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्र यांनी १९७०च्या दशकात प्राचीन देवमाशांची वर्णने केली. पुढे तेथेच मिळालेला कच्छीसीटस हा आखूड पायांचा, लांब शेपटीचा, पाणमांजरासारखा दिसणारा प्राणी. चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या कच्छच्या किनाऱ्यावर तो मासे धरीत असे. संग्रहालयातील सांगाड्याजवळ जाऊन त्याचे पुढचे पर निरखावे: त्यांत खांदा, कोपर, मनगट व बोटे, सर्व आपल्या हातासारखी आहेत.

राहिले ते अगदी वरचे पान, ज्यावर शहर उभे आहे. ते वाचावयाचे तर महीच्या काठी जावे. वासद-रायकाच्या बाजूला नदीने आपल्याच जुन्या गाळात खोल कोतरे कापली आहेत, आणि तीस-चाळीस मीटर उंचीचे मातीचे कडे उभे आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील संशोधकांनी त्यांचा कसून अभ्यास केला आहे. कड्यांच्या तळाशी निळसर-करडी चिकणमाती आहे. ती सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्याहून उंच असताना साचल्याचे मानले जाते. तिच्यावर नदीची वाळू, खडे, तांबूस माती, आणि सर्वांत वर वाऱ्याने आणलेली बारीक धूळ. समुद्र, पूर, दुष्काळ अशा क्रमाने ही पाने उलटतात.

माणूस या पानांवर उशिरा येतो. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे भारतातील पहिली अश्मयुगीन हातकुऱ्हाड ओळखणारे रॉबर्ट ब्रूस फूट सरकारी सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर बडोदे संस्थानच्या सेवेत आले, आणि साबरमतीच्या खोऱ्यात त्यांनी दगडी हत्यारे शोधून काढली. संस्थानच्या भूविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १८९८ साली निघाला. पुढे १९४१ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया यांनी तो माग पुन्हा धरला. मेहसाण्याकडील लांघणज येथे त्यांना सूक्ष्म गारगोटी हत्यारांसह माणसांचे सांगाडे आणि गेंड्याचे हाड मिळाले. आज कोरड्या असलेल्या त्या भागात गेंडा होता, तेव्हा पाणी आणि गवत पुष्कळ असले पाहिजे.

चालू अध्यायाचे नाव सुदैवाने भारतीय आहे. मेघालयातील मावम्लूह गुहेतील चुनखडीच्या एका स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाची नोंद आढळली, आणि २०१८ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने तेथून पुढच्या काळाला मेघालयन हे नाव दिले. मानवाच्या उपद्व्यापांमुळे नवा अध्याय सुरू झाला असे मानून त्याला निराळे नाव द्यावे, हा प्रस्ताव २०२४ साली मतदानाने फेटाळण्यात आला. आरंभाची खूण म्हणून कॅनडातील एका तळ्याचा गाळ सुचविलेला होता. थरांतून खूण मिळत होती, पण १९५० च्या आसपासचा तो आरंभ फारच अलीकडचा, असे बहुसंख्य तज्ज्ञांना वाटले. त्यामुळे अधिकृत नोंदीप्रमाणे मेघालयनच चालू आहे. महीचे कडे दर पावसाळ्यात थोडे थोडे ढासळतात. आश्विनात पाणी ओसरले म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थी कुदळ-फावडे आणि मोजपट्टी घेऊन पुन्हा तेथे उतरतात, आणि नव्याने उघडी पडलेली माती खालून वर वाचू लागतात.